दोन रकान्यांची वही

मुलांनो, आधी एक सोपा प्रश्न. आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत कुठंही पाया खणायला घेतला, तर वरची माती आणि मुरूम संपल्यावर काय लागतं? बरोबर, काळा दगड! कुदळ मारली की ठण्णकन आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात.

आता जरा अवघड प्रश्न. मुंबईहून विमानात बसायचं, समुद्रावरून साडेचार हजारांहून जास्त किलोमीटर जायचं आणि एका बेटावर उतरायचं. तिथं खणलं तर काय लागेल?

काळा दगड! तोच आपला, ओळखीचा. खोटं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. म्हणून तर ही हकिकत तुम्हांला सांगायला बसले आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांचे बाबा एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात फिटर आहेत. आमच्यासारख्यांच्या घरात परदेशाची वारी सहसा ठरत नाही. पण माझे धाकटे दीर मॉरिशसला एका कापड गिरणीत नोकरीला आहेत. त्यांनी दोन वर्षं धोशा लावला, “वहिनी, राहण्या-जेवणाची काळजी नको. फक्त तिकिटाचं बघा.” मग आम्ही बँकेत दरमहा थोडे थोडे पैसे टाकले, आणि मे महिन्याच्या सुट्टीत देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई अन् तिथून सहा तासांच्या विमानानं मॉरिशस गाठलं. बरोबर आमची दोन मुलं, सातवीतली मोठी आणि तिसरीतला धाकटा.

मुक्काम कात्र बोर्न नावाच्या गावात, काकांच्या घरी. आम्ही एक नियम केला. रोज सकाळी डबा घेऊन निघायचं, एकाच बाजूची एक-दोन ठिकाणं पाहायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. बेट केवढंसं? आपल्या जालना जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाएवढं! त्यामुळं कुठंही गेलं तरी संध्याकाळी परत येता येतं.

दुसरा नियम वहीचा. दोघांनाही एकेक वही दिली आणि पानाचे दोन रकाने पाडायला सांगितले. एकावर लिहायचं ‘वेगळं’ आणि दुसऱ्यावर ‘आपल्यासारखं’. रोज रात्री जेवण झालं की दोन्ही रकान्यांत निदान एकेक ओळ भरायची. धाकटा म्हणाला, “आई, ‘आपल्यासारखं’मध्ये काय लिहिणार? परदेशात सगळं वेगळंच असतं!”

बघू या, म्हटलं.

सावली कुठं पडली?

पहिल्याच दिवशी दुपारी अंगणात एक गंमत झाली. मेच्या मध्यात जालन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली गोळा होते. तिथं मात्र दुपारी आमच्या सावल्या चांगल्या लांब पडल्या होत्या. आणि कुठल्या दिशेला? दक्षिणेला! म्हणजे सूर्य उत्तरेकडं होता.

मोठीनं नकाशा काढला. जालना विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २० अंशांवर आहे. मॉरिशस? दक्षिणेला साधारण २० अंशांवर! जणू विषुववृत्त हा आरसा आणि त्यात दिसणारं जालन्याचं प्रतिबिंब. म्हणूनच आपल्याकडं उन्हानं अंगाची लाही होत होती, तेव्हा तिकडं हिवाळा सुरू होत होता आणि संध्याकाळी स्वेटर लागत होता. घड्याळही आपल्या दीड तास मागं. जालन्यात दुपारचे बारा वाजले की तिथं साडेदहा.

‘वेगळं’ या रकान्यात एकदम तीन ओळी! धाकटा खूश.

हे लोणार आहे का?

पहिली सहल जवळचीच, क्यूरपीप गावातल्या ‘ट्रू ओ सेर्फ’ नावाच्या विवराची. ही नावं फ्रेंच आहेत, कारण १७१५ ते १८१० या काळात हे बेट फ्रेंचांकडं होतं. नंतर ते इंग्रजांनी घेतलं आणि १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झालं. ‘ट्रू ओ सेर्फ’ म्हणजे हरणांचा खड्डा.

गावाच्या मधोमध टेकडी. वर चढलं की समोर सुमारे ३०० मीटर रुंदीचा मोठा थोरला वाडगा. उतारावर गर्द झाडी आणि तळाला थोडं पाणी. कठड्याशी उभं राहताच धाकटा ओरडला, “आई, लोणार!”

तुमच्यापैकी ज्यांनी लोणार पाहिलंय, त्यांनाही तसंच वाटलं असतं. पण दोन्हींत मोठा फरक आहे बरं का. लोणारचं विवर वरून आलेल्या पाहुण्यानं केलं. आकाशातून उल्का आली, काळ्या दगडावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. क्यूरपीपचं विवर खालून झालं. ते ज्वालामुखीचं तोंड आहे. एक आकाशाचा खड्डा, एक पाताळाचा!

आता दगडाची गोष्ट ऐका. कठड्याजवळचा एक दगड मोठीनं हातात घेतला. काळा, जड, बारीक बारीक छिद्रांचा. “हा तर आपल्या शाळेमागच्या खाणीतला वाटतो,” ती म्हणाली. आणि तिचं फारसं चुकलं नव्हतं!

समजा चूल एका जागी पेटलेली आहे आणि तुम्ही तिच्यावरून भाकरी हळूहळू सरकवत नेताय. काय होईल? भाकरीवर करपल्याच्या डागांची एक ओळ उमटेल. पृथ्वीच्या पोटातही अशी एक चूल आहे, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूभाग या चुलीवर होता. तेव्हा लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांतून दख्खनचं पठार तयार झालं. तोच आपला काळा पाषाण, ज्यात पुढं अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली. मग भारत उत्तरेकडं सरकत गेला. चूल मागं राहिली. साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वी त्याच चुलीनं समुद्रातून मॉरिशस वर काढलं. आणि ती विझलेली नाही! शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही अधूनमधून लाव्हा ओकतो.

म्हणजे जालना आणि मॉरिशस एकाच चुलीवरच्या भाकरी! त्या रात्री ‘आपल्यासारखं’ या रकान्यात पहिली ओळ पडली : ‘दगड’.

त्याच दिवशी दुपारी आम्ही गंगा तलावावर गेलो. हाही ज्वालामुखीच्या विवरात साचलेला तलाव. १९७२ साली इथं गंगेचं पाणी आणून मिसळलं गेलं. काठावर देवळं आणि शंकराची १०८ फूट उंच मूर्ती. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक चालत इथं येतात. पंढरीची वारीच आठवली मला.

सात रंगांची माती

दुसरी सहल शामारेलची. हिरव्या डोंगरात मध्येच उघडी, उंचसखल जमीन आणि तिच्यावर तांबडे, तपकिरी, पिवळे, जांभळे पट्टे. कुणीतरी रंगपंचमी खेळून गेल्यासारखे! हे रंगही त्याच काळ्या दगडातून निघालेत. लाखो वर्षं पाऊस-उन्हात दगड कुजला आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागं राहिली.

मुलांचे बाबा हसून म्हणाले, “तांबडा रंग मला नवा नाही. आमच्या कारखान्याच्या आवारात भंगाराच्या ढिगाला हाच रंग चढतो.” गंज हो! लोखंड आणि हवेतला ऑक्सिजन यांचीच ती करामत. धाकट्यानं लगेच वही उघडली.

तिथून समुद्राकडं आलो की ल मोर्न नावाचा सरळ उभ्या कड्याचा डोंगर दिसतो. याची गोष्ट दुःखाची आहे. पूर्वी या बेटावर आफ्रिका आणि मादागास्करहून माणसं गुलाम म्हणून आणली जात. त्यातली काही पळून जाऊन या डोंगरात लपत. २००८ साली युनेस्कोनं या डोंगराला जागतिक वारशात स्थान दिलं. दोन्ही मुलं बराच वेळ गप्प होती. मोठीनं विचारलं, “गुलामगिरी बंद झाल्यावर मग शेतात काम कुणी केलं?”

तिच्या प्रश्नाचं उत्तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं.

दगडाखालचं सोनं

मॉरिशसमध्ये कुठंही जा, ऊस तुमची पाठ सोडत नाही. आम्ही गेलो तेव्हा उसाला पांढरे तुरे यायला लागले होते. पण मला नवल वाटलं ते उसाच्या मधोमध रचलेल्या काळ्या दगडांच्या ढिगांचं. काही ढीग तर घराएवढे उंच!

काका म्हणाले, “वहिनी, हे हातांनी वेचलेले दगड आहेत.”

१८३५ साली इथली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना मजूर हवे होते. ते आणले भारतातून, करारावर. महिन्याला पाच रुपये पगार आणि बहुधा पाच वर्षांचं बंधन. बिहार, मद्रास इलाखा आणि आपल्या कोकणातूनही माणसं जहाजात चढली. त्यांनी दगड वेचले, ढीग रचले आणि मोकळ्या जमिनीत ऊस लावला. “दगड उचला, खाली सोनं सापडेल,” अशी थाप मारून त्यांना नेलं, असं तिथले लोक आजही सांगतात. सोनं कुठलं! दगडाखाली दगडच.

मला एकदम आपल्याकडची म्हण आठवली, ‘जालना, सोने का पालना’. आपल्याही गावात लांबून लांबून माणसं येतातच की कामाला. पण तेव्हा तो विचार आला तसा गेला.

पायऱ्या आणि नंबर

तिसरा दिवस पांप्लमूसच्या बागेत गेला. पाण्यावर परातीएवढी, नव्हे परातीहून मोठी, कडा वर वळलेली कमळाची पानं पाहिली. बाहेर एक आजीबाई दालपुरी विकत होत्या. तिथं तिला ‘धोल पुरी’ म्हणतात. आत डाळ, जशी पुरणपोळी, फक्त गूळ नाही. गरम पुरीवर रस्सा घालून गुंडाळून देतात. आम्ही हिंदीत बोलताना ऐकून आजींनी विचारलं, “का हाल बा?”

मी चमकले. हे शब्द मी रोज ऐकत होते. कुठं? माझ्याच वर्गात!

माझ्या वर्गात बिहारहून आलेली एक मुलगी आहे. तिचे वडील एमआयडीसीत भट्टीवर काम करतात. वर्षभर ती मागच्या बाकावर बसली. बोलली तर भोजपुरीत बोलायची, मुलं हसायची आणि मी म्हणायचे, “शाळेत मराठीतच बोल बाळा.” मला वाटायचं, मी तिच्या भल्याचंच सांगतेय. हळूहळू तिनं बोलणंच बंद केलं. वर्षाच्या शेवटी तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, ‘वर्गात बोलत नाही.’

चौथ्या दिवशी आम्ही मेट्रोनं पोर्ट लुईला, म्हणजे राजधानीला गेलो. ही मेट्रो भारताच्या मदतीनं झाली आणि बांधली आपल्याच लार्सन अँड टुब्रो कंपनीनं. मुलांच्या बाबांनी रुळांकडं अगदी घरच्या माणसासारखं पाहिलं!

बंदरावर आप्रवासी घाट आहे. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. फार मोठं काही नाही बघायला. दगडी भिंती, काही खोल्या आणि समुद्रातून वर येणाऱ्या मोजक्या पायऱ्या. पण १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसं इथं उतरली. काही इथंच राहिली, काहींना आणखी दूरच्या देशांत पाठवलं. म्हणून २००६ साली युनेस्कोनं या जागेलाही जागतिक वारशात घेतलं.

शिडाच्या जहाजात कित्येक आठवडे काढून, ओकून, रडून माणूस या पायऱ्या चढायचा. वर त्याचं नाव लिहून घ्यायचे. गोऱ्या कारकुनाला जसं ऐकू येईल तसं लिहिलं जाई. आणि त्याला मिळायचा एक नंबर. पुढच्या काळात फोटोही काढायला लागले. या करारावरच्या मजुरांना पुढं ‘गिरमिटिया’ म्हणू लागले. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाचं आपल्या लोकांच्या तोंडी झालं ‘गिरमिट’.

“गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार ना हो बाबा?” धाकट्यानं विचारलं. आम्ही हसलो. पण मोठी हसली नाही. ती म्हणाली, “आई, यांना मराठी, भोजपुरी, तमिळ येत होतं. इथल्या साहेबांना ते कळत नसणार. मग हे लोक बोलत नाहीत, असंच त्यांना वाटलं असेल ना?”

मुलांनो, त्या पायऱ्यांवर मी मटकन बसले. ‘वर्गात बोलत नाही.’ कुणाला ऐकू येत नव्हतं? मलाच!

कास्काव्हेलचं मराठी

शेवटचा दिवस आपल्या माणसांचा. पश्चिमेकडच्या कास्काव्हेल भागात मराठी वस्ती आहे. यांचे खापरपणजोबा कोकणातून आलेले. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. गणपतीत इथं झाकरी नाच होतो. आपल्या कोकणातल्या जाखडीचाच हा भाऊ.

देवळापाशी धाकट्याच्या वयाचा एक मुलगा भेटला. तो घरी क्रिओल बोलतो, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकतो. आणि मराठीही! तिथल्या प्राथमिक शाळांत मराठी शिकायची सोय आहे. त्यानं थांबत थांबत, एकेक शब्द जोडून आम्हांला विचारलं, “तुमचं... गाव... कुठं?” त्याची आजी कौतुकानं बघत होती. ना कुणी हसलं, ना कुणी “फ्रेंचमध्येच बोल” म्हणालं.

आणि भोजपुरी? तिथल्या भोजपुरी बायका लग्नात जी गाणी म्हणतात, त्या ‘गीत-गवई’ला २०१६ साली युनेस्कोनं जगाचा ठेवा म्हणून मान दिला आहे. जी बोली ऐकून माझा वर्ग हसत होता, ती बोली!

त्या रात्री दोघांच्या वह्या पाहिल्या. ‘वेगळं’मध्ये अकरा ओळी, ‘आपल्यासारखं’मध्ये सतरा. धाकट्याची शेवटची ओळ होती : ‘पाहुणा आला की गाव विचारतात.’

रिकामा बाक

जूनमध्ये शाळा उघडली. मी सगळ्यांत आधी मागच्या बाकाकडं पाहिलं. बाक रिकामा होता.

भट्टीवरची माणसं उन्हाळ्यात गावी जातात. काही परत येतात, काही दुसऱ्या शहरात जातात. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी वर्गातल्या मुलांना मॉरिशसची गोष्ट सांगितली, दगड दाखवले, चुलीची आणि भाकरीची आकृती काढली. पण जिला सांगायची होती तीच नव्हती. आपण उशीर केला, असं रोज वाटायचं.

नवव्या दिवशी ती दारात उभी राहिली. अंगात नवा गणवेश, आणि तोंडावर तोच जुना मुखदुर्बळ भाव. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, “का हाल बा?”

वर्ग एकदम चिडीचूप. ती आधी बावरली. मग इतकी हसली, इतकी हसली, की माझा उच्चार किती चुकला होता ते मला बरोबर कळलं! मी तिला फळ्यापाशी बोलावलं. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. मीठ म्हणजे ‘नून’. मूल म्हणजे ‘लइका’. आणि आई? ‘माई’! “बाई, हे तर आपल्यासारखंच!” पहिल्या बाकावरचा एकजण ओरडला.

आता रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात एक भोजपुरी शब्द असतो. शेजारी मराठी शब्द ती स्वतः लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, पण ते माझंही कधी कधी चुकतं!

बालमित्रांनो, तुम्ही कुठंही सहलीला जा. मॉरिशसला जा, नाहीतर आई-बाबांबरोबर सकाळी निघून लोणार किंवा सिंदखेडराजा पाहून संध्याकाळी परत या. बरोबर पाण्याची बाटली घ्या आणि नकाशा स्वतःच्या हातात ठेवा. आणि पालकहो, एका दिवसात सहा ठिकाणं दाखवायची घाई करू नका. दोनच दाखवा, पण मुलांना तिथं उभं राहू द्या, विचारू द्या. परतल्यावर वहीत दोन रकाने पाडायला सांगा.

‘वेगळं’ हा रकाना आपोआप भरतो. दुसऱ्या रकान्यासाठी जरा जास्त वेळ थांबून बघावं लागतं. तो भरला, की घरी परत आल्यावर आपल्याच वर्गातला मागचा बाकही नीट दिसायला लागतो.

मग, केव्हा पाडताय रकाने?